फादर मोर्चात का येतात? कॅथलिक पॅरिश आणि सामाजिक न्यायाची भानगड, सोप्या भाषेत

कुठल्याही मोर्चात पांढऱ्या झग्यातले फादर आणि त्यांच्या मागे सिस्टर लोकांची रांग दिसली की दोन प्रकारची माणसं लगेच बोलायला लागतात. एक म्हणतात, प्रार्थना सोडून यांना हे राजकारण कशाला हवंय. दुसरे म्हणतात, वा, चर्च गरिबांच्या बाजूने उभं राहिलं. दोघांनाही पॅरिश म्हणजे नक्की काय असतं ते नीट माहीत नसतं, आणि खरं सांगायचं तर बऱ्याच कॅथलिकांनाही ते माहीत नसतं, रविवारी मिस्साला जायचं, सणाला वर्गणी द्यायची, संपला विषय.

तर आधी पॅरिश. आपल्या वसईकडे मराठीत धर्मग्राम म्हणतात. पॅरिश म्हणजे फक्त चर्चची इमारत नाही, तो एक ठरवून दिलेला भूभाग असतो, या रस्त्यापासून त्या खाडीपर्यंत राहणारे सगळे कॅथलिक या पॅरिशचे, अशी सरळ हद्द. बाप्तिस्मा, लग्न, मृत्यू सगळ्यांच्या नोंदी तिथल्या रजिस्टरात. वर बिशप, इथे एक प्रमुख धर्मगुरू, आणि त्यांच्याबरोबर लोकांची पॅरिश कौन्सिल. शिवाय महिलांचा गट, तरुणांचा गट, गायन मंडळ, वाडीवार किंवा बिल्डिंगवार छोटे समूह जे एकमेकांच्या घरी जमून प्रार्थना करतात, आणि गरिबांच्या घरी जाऊन मदत करणारे व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीवाले, ज्यांची सुरुवात १८३३ मध्ये पॅरिसला फ्रेडरिक ओझानाम नावाच्या विशीतल्या कॉलेजच्या पोराने केली होती. आता जरा विचार करा, एका ठरावीक भागात राहणारी, एकमेकांना नावाने ओळखणारी, दर आठवड्याला न बोलावता एकत्र येणारी एवढी माणसं कुठल्या पक्षाकडे तरी असतात का? हीच पॅरिशची खरी ताकद, फादरचं प्रवचन वगैरे नंतर येतं. हा मुद्दा धरून ठेवा, बाकी सगळं यावरच उभं आहे.

दुसरी गोष्ट, दान वेगळं आणि न्याय वेगळा. पावसात वस्तीत पाणी शिरलं, पॅरिशने खिचडी वाटली, चादरी दिल्या, हे दान. पुढच्या वर्षी परत पाणी, परत चादरी. तिसऱ्या वर्षी कोणीतरी विचारतं, अरे हा नाला दर वर्षीच का तुंबतो, याचं टेंडर निघालं होतं ना, मग काम कुठे गेलं? इथून न्यायाचं काम सुरू होतं. आणि मग ते काम करून घ्यायला नगरसेवकाकडे जाणं, माहितीचा अर्ज टाकणं, सभेत उभं राहून उत्तर मागणं, कायदा बदलायला लावणं, याला ॲडव्होकसी म्हणतात, आपल्याकडचे संस्थावाले जनवकिली म्हणतात. दोन्हीच्या मध्ये अजून एक पायरी असते, विकासाची. त्यासाठी लांब जायला नको, नगर जिल्ह्यात फादर हरमन बाखर या स्विस जेझुइट (येशूसंघ या कॅथलिक संघातल्या) धर्मगुरूंनी दुष्काळी गावांत पाणलोटाचं काम उभं केलं, लोकांनी श्रमदान करायचं, झाडं तोडायची नाहीत, मोकाट चराई बंद, आणि पाणी गावानेच अडवायचं. तिथे चादर वाटणं नव्हतं पण सरकारशी भांडणंही मुख्य नव्हतं. आपल्याकडच्या बहुतेक पॅरिश पहिल्या पायरीवर खूष असतात, थोड्या दुसऱ्या पायरीवर जातात, तिसरीवर फार कमी. कारण उघड आहे, चादर वाटली की सगळे हात जोडतात आणि टेंडरचं विचारलं की फोन यायला लागतात.

बरं, हे फादर लोकांच्या डोक्यातून आलेलं खूळ आहे का? नाही. १८९१ मध्ये पोप तेरावे लिओ यांनी कामगारांच्या प्रश्नावर एक मोठं पत्र काढलं, रेरुम नोव्हारुम नावाचं. युरोपात कारखाने धडाधड वाढत होते, मजूर पिचत होते, एकीकडून समाजवादी येत होते. पोपनी खासगी मालमत्तेची बाजू घेतली पण त्याच दमात सांगितलं की मजुराला पोट भरेल इतकी मजुरी मिळालीच पाहिजे आणि संघटना करणं हा त्याचा हक्क आहे. तिथून पुढे दर पिढीत भर पडत गेली. १९७१ मध्ये जगभरातले बिशप रोमला जमले आणि त्यांनी म्हटलं की न्यायासाठी काम करणं हा सुवार्ता, म्हणजे येशूची शिकवण, सांगण्याचाच अविभाज्य भाग आहे, वरून लावलेली जोड नाही. १९८३ च्या चर्चच्या कायद्यात तर २२२ व्या कलमात साध्या श्रद्धावंतांवरच सामाजिक न्यायासाठी झटण्याची जबाबदारी टाकलीय. २०१५ ला पोप फ्रान्सिस यांनी लाउदातो सी मध्ये पर्यावरण आणि गरिबी एकाच धाग्यात ओवली. म्हणजे कागद भरपूर आहे, कागदाची कमी कधीच नव्हती. कमी आहे ती हे कागद पॅरिशपर्यंत उतरण्याची, कारण रविवारच्या मिस्सात या कागदांचा उल्लेख किती वेळा ऐकला असं कुठल्याही कॅथलिक मित्राला विचारून बघा.

आता हे खरंच कसं चालतं ते बघायला मला सगळ्यात आवडणारं उदाहरण अमेरिकेतलं आहे, टेक्सासमधलं सॅन अँटोनियो शहर. तिथल्या पश्चिम भागात मेक्सिकन वंशाचे गरीब कॅथलिक राहायचे. जोरात पाऊस झाला की रस्त्यांचे ओढे व्हायचे, पोरं पाण्यातून शाळेत जायची, घरात चिखल. शहराचा दुसरा भाग मात्र ठणठणीत, कारण गटारं, रस्ते सगळं तिकडेच. नगर परिषदेचे सदस्य वॉर्डातून नाही तर अख्ख्या शहरातून निवडून यायचे, त्यामुळे पश्चिमेकडच्या माणसाला आपला असा नगरसेवकच नव्हता.

१९७३-७४ च्या सुमाराला अर्नेस्टो कोर्तेस नावाचा तिथलाच माणूस परत आला. तो शिकागोला सॉल अलिन्स्की यांच्या संस्थेत संघटन बांधायचं शिकून आला होता. अलिन्स्की ज्यू, देवाधर्माशी फारसं देणंघेणं नसलेले, पण १९३९ मध्ये शिकागोच्या कत्तलखान्यांच्या वस्तीत त्यांनी पहिली संघटना उभी केली तेव्हा तिथल्या कॅथलिक पॅरिश आणि बिशप शील त्यांच्या सोबत होते, कारण वस्तीत लोकांना जोडणारं तेच होतं. कोर्तेसने आल्यावर सभा नाही घेतली, पत्रकं नाही वाटली. तो पॅरिशच्या फादरांकडून नावं घ्यायचा आणि घरोघर जाऊन बसायचा. नावं कुणाची, तर भाषणं ठोकणाऱ्यांची नाही. चर्चच्या जत्रेचा हिशोब ठेवणारी बाई, शाळेच्या पालक संघात राबणारी आई, शेजाऱ्याच्या मयतीला सगळं सांभाळणारा काका, अशी माणसं. त्यांना एकच विचारायचं, तुम्हाला काय सतावतं? त्याला वाटलं असेल लोक पोलिसांचा जाच सांगतील, भेदभाव सांगतील. लोक म्हणाले गटार. पाणी. तर मग गटार.

यातून १९७४ मध्ये कॉप्स ही संघटना झाली. पूर्ण नाव कम्युनिटीज ऑर्गनाइज्ड फॉर पब्लिक सर्व्हिस. सभासद म्हणजे सुटी माणसं नाहीत, सभासद म्हणजे पॅरिश, आणि प्रत्येक पॅरिशने वर्गणी भरायची. आर्चबिशप फ्युरी पाठीशी होते पण पहिला अध्यक्ष सामान्य प्रापंचिक माणूस, अँडी सराबिया, आणि नंतर बायकाच जास्त पुढे आल्या. लोकांनी काय केलं, तर सरळ पालिकेत जाऊन जुने कागद काढले. कागदात सापडलं की त्यांच्या भागातलं पाणी निचऱ्याचं एक काम १९४५ पासून मंजूर आहे! तीस वर्षं पोरं पाण्यातून शाळेत जात होती आणि काम कागदावर मंजूर होतं. त्याच ऑगस्टमध्ये मोठा पाऊस झाला, घरं बुडाली, आणि शेकडो माणसं कौन्सिलच्या सभेत जाऊन बसली, ही तारीख, हा ठराव, आता सांगा. नोव्हेंबर १९७४ मध्ये शहराने निचऱ्याच्या कामांसाठी साडेचार कोटी डॉलरहून जास्त रकमेचे रोखे मतदानाने मंजूर केले.

पुढच्या वर्षी त्यांना शहराच्या बजेटवर बोलायचं होतं आणि मोठे व्यापारी दाद देईनात. मग या चर्चमधल्या आज्या, आया एका मोठ्या कपड्यांच्या दुकानात गेल्या आणि दिवसभर महागडे कोट घालून बघत बसल्या, विकत कोणी काही घेतलं नाही. बँकेत रांगा लावल्या, नोटा द्यायच्या आणि सुट्टी पेनी, म्हणजे एक सेंटची नाणी, मागायची, मग परत ती पेनी देऊन नोटा मागायच्या. कायदा कुठेही मोडला नाही, आवाज चढवला नाही, पण धंदा ठप्प. मला हा किस्सा वाचून हसू येतं, आणि त्यातली अक्कल पण दिसते, कारण यासाठी लागतात शेकडो माणसं जी एकमेकांवर भरवसा ठेवतात आणि ठरल्या वेळेला येतात. अशी माणसं एका रात्रीत गोळा होत नाहीत, ती जत्रेचे स्टॉल लावता लावता आधीच तयार झालेली होती. १९७७ मध्ये शहरात वॉर्डवार निवडणूक लागू झाली, त्यामागेही हीच मंडळी होती.

दोन नियम त्यांनी घट्ट धरले. एक, जो स्वतः करू शकतो त्याचं काम तुम्ही करू नका, म्हणजे अधिकाऱ्यासमोर फादर बोलणार नाहीत, चिखलात राहणारी बाई बोलणार, ती घाबरली तर तिच्याकडून आधी तालीम करून घ्या. दुसरा, कुठल्याही उमेदवाराचा प्रचार नाही. निवडणुकीआधी सगळ्या उमेदवारांना हॉलमध्ये बोलवायचं आणि विचारायचं, आमच्या या मागण्या, हो की नाही? भाषण नको. मग मत कुणाला द्यायचं ते लोक बघून घेतील. आपल्याकडे उमेदवार आला की आधी हार, मग शाल, मग तो पाऊण तास बोलणार आणि प्रश्न विचारायला वेळ संपलेला. असो.

आपल्याकडचं म्हणाल तर वसई. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी वसईचा हिरवा पट्टा बिल्डरांसाठी मोकळा व्हायला लागला आणि १९९० मध्ये सिडकोला तिथलं नियोजन दिलं गेलं. वसई म्हणजे केळीच्या, पानाच्या, फुलांच्या वाड्या, विहिरी, बावखलं म्हणजे गोड्या पाण्याची तळी, पश्चिम पट्ट्यात गावंच्या गावं कॅथलिक. विहिरींचं पाणी टँकरने बांधकामांना जायला लागलं आणि शेतीच्या गोड्या पाण्याला धोका झाला. तेव्हा हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली, फादर फ्रान्सिस दिब्रिटो, मार्कुस डाबरे वगैरे मंडळी पुढे. ती फक्त कॅथलिकांची नव्हती हे मुद्दाम सांगतो, पाणी आटलं की सगळ्यांचंच आटतं. दिब्रिटो त्या वेळी सुवार्ता मासिकाचे संपादक, त्यामुळे घराघरात वाचलं जाणारं मासिक हाताशी होतं, शिवाय रविवारी चर्चमध्ये जमणारी गावं. हेच फादर पुढे २०२० मध्ये धाराशिवला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, बऱ्याच जणांना तेव्हाच कळलं की हे कोण. आज वसई-विरारचे टॉवर बघितले तर कोणी म्हणेल, हरलेच की मग. पूर्ण जिंकले नाहीत हे खरंच आहे. पण पश्चिमेला जी हिरवाई अजून टिकून आहे ती आपोआप राहिली असं मला तरी वाटत नाही.

आता अडचणीची बाजू, कारण सगळं गोड गोड सांगून उपयोग नाही. २०२२ मध्ये केरळात तिरुवनंतपुरमच्या लॅटिन आर्चडायोसिसने, म्हणजे आर्चबिशपच्या हाताखालच्या सगळ्या पॅरिशांनी मिळून, विळिंजम बंदराविरुद्ध आंदोलन केलं. किनारा खचून घरं गेलेली मच्छीमार कुटुंबं सिमेंटच्या गोदामात राहत होती, आणि पॅरिशवार लोकांच्या पाळ्या लावून गेटवर ठिय्या दिला गेला, आज या गावची पॅरिश, उद्या त्या. संघटन म्हणून जबरदस्त. पण बंदराने किनारा खचतोय की आधीपासूनच खचतोय यावर वाद होता, बंदर हवंच म्हणणारे स्थानिकही दुसऱ्या बाजूला मंडप घालून बसले, आणि त्या भांडणाला धर्माचा रंग चढायला वेळ लागला नाही. नोव्हेंबरच्या शेवटी पोलीस ठाण्यावर हल्ला झाला, खुद्द आर्चबिशपवर गुन्हा नोंदला गेला. डिसेंबरमध्ये सरकारशी बोलणी होऊन आंदोलन थांबलं, घरभाड्याचं आणि घरांचं काही पदरात पडलं, बंदराचं काम थांबवा ही मुख्य मागणी मान्य झाली नाही. म्हणजे जी पॅरिशची ताकद, एकाच समाजाची घट्ट वीण, तीच इथे नड झाली, बाहेरच्याला ते सगळ्यांचं आंदोलन न वाटता चर्चचं वाटलं. हरित वसईवाल्यांना हे आधी कळलं होतं असं म्हणायला हरकत नाही.

मग राजकारणाची रेघ कुठे आहे? चर्चच्या स्वतःच्या कायद्यात ती बऱ्यापैकी स्पष्ट आहे. धर्मगुरूने सत्तेचं सरकारी पद घ्यायचं नाही, पक्षात सक्रिय राहायचं नाही. अमेरिकेत फादर रॉबर्ट ड्रायनन दहा वर्षं तिथल्या संसदेचे सदस्य होते, १९८० मध्ये रोमहून निरोप आला आणि त्यांनी पुढची निवडणूक लढवली नाही. पण हे बंधन धर्मगुरूंवर आहे, पॅरिशमधल्या साध्या माणसावर नाही, त्याने निवडणूक लढवावी, पक्षात जावं, उलट चर्च म्हणतं जा. मुद्द्यावर बोला, माणसाचं नाव घेऊन मत मागू नका, असा साधारण हिशोब. पाळताना मात्र रेघ पुसट होते. २०१७ मध्ये गुजरात निवडणुकीच्या तोंडावर गांधीनगरच्या आर्चबिशपनी पत्र काढून राष्ट्रवादी शक्तींपासून देश वाचावा म्हणून प्रार्थना करायला सांगितली तर नोटीस आली. प्रार्थनाच की, पण कुठल्या दिवशी आणि कुठल्या शब्दांत यावर सगळं अवलंबून असतं. त्याच वर्षी जानेवारीत सुप्रीम कोर्टाने धर्माच्या नावावर मत मागण्याबद्दलचा निवाडा आणखी कडक केला होता.

दुसरी रेघ पैशाची. परदेशी देणग्यांचा कायदा २०१० चा, २०२० मध्ये अजून आवळला, एका संस्थेने आलेला परदेशी पैसा दुसरीला द्यायचा नाही, ऑफिस खर्च २० टक्क्यांच्या आत. शाळा, दवाखाना, निराधार मुलांचं वसतिगृह असं काही त्या पैशावर चालत असेल तर डायोसिसचा, म्हणजे बिशपच्या कार्यालयाचा, माणूस मोर्चाच्या परवानगीच्या कागदावर सही करायच्या आधी तीनदा विचार करतो. भित्रेपणा म्हणा, पण वसतिगृहातल्या पोरांचं रात्रीचं जेवण त्याच्या डोळ्यासमोर असतं. आणि भीती हवेतली नाही, झारखंडात आदिवासींसाठी काम करणारे जेझुइट फादर स्टॅन स्वामी भीमा कोरेगाव प्रकरणात ऑक्टोबर २०२० मध्ये पकडले गेले, तळोजा जेलमध्ये होते, आणि ५ जुलै २०२१ ला वांद्र्याच्या होली फॅमिली हॉस्पिटलमध्ये, खटला सुरू व्हायच्या आधीच, ८४ व्या वर्षी गेले. यानंतर एखादा पॅरिशचा फादर 'आपण आपलं खिचडी वाटू' म्हणाला तर मी त्याला लगेच नावं ठेवणार नाही.

आणि आता जी गोष्ट चर्चवाल्यांना ऐकायला आवडत नाही ती. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा आधी जवळजवळ फक्त हिंदूंना होता, १९५६ मध्ये शीख आले, १९९० मध्ये बौद्ध, जे आपल्या महाराष्ट्रात सगळ्यांना ठाऊक आहे. दलित ख्रिस्ती आणि मुसलमान अजून बाहेर. म्हणून दरवर्षी १० ऑगस्टला, आदेश निघाला त्या तारखेला, चर्च काळा दिवस पाळतं, नगर जिल्ह्यासारख्या भागात जिथे दलित ख्रिस्ती मोठ्या संख्येने आहेत तिथे हा रोजच्या दाखल्याचा, स्कॉलरशिपचा, नोकरीचा प्रश्न आहे. मागणी रास्त आहे असं माझं मत. पण सरकारकडे न्याय मागणाऱ्या याच चर्चमध्ये तमिळनाडूत काही ठिकाणी दलितांना पुरायला वेगळी जागा, कुठे दफनभूमीच्या मधोमध भिंत. २०१६ च्या डिसेंबरमध्ये भारतातल्या कॅथलिक बिशपांनी दलित सक्षमीकरणाचं धोरण काढलं आणि त्यात अस्पृश्यता चर्चच्या आत आहे हे लेखी मान्य केलं. लेखी मान्य करणं ही छोटी गोष्ट नाही, हे श्रेय द्यायला पाहिजे त्यांना.

फक्त ते धोरण लागू कुठे होणार, तर पॅरिशमध्ये. आणि पॅरिश कौन्सिलचं मत चर्चच्या कायद्यानुसार सल्ल्यापुरतंच, ५३६ वं कलम, शेवटचा शब्द प्रमुख धर्मगुरूंचा. फादर चांगले निघाले तर दफनभूमीची भिंत पाडायचा विषय अजेंड्यावर येतो, वरच्या जातीतली घरं वर्गणी बंद करण्याची धमकी देतात, चर्चा चालू राहते, आणि काही वर्षांनी फादरांची बदली होते. नवे फादर येतात, त्यांना आधी छपराची गळती काढायची असते. सॅन अँटोनियोवाल्यांनी अध्यक्षपद फादरांकडे का दिलं नाही याचं उत्तर इथे मिळतं. नाल्यासाठी पालिकेत जाऊन कागद उघडायला लावणारी बाई स्वतःच्या पॅरिशचा हिशोब आणि दफनभूमीचा नकाशा मागायला गेली तर तिला कोण खुर्ची देतं, हे मला अजून बऱ्याच ठिकाणी बघायचंय.